कवळीखाली

...दात हसत होते. फिकट गुलाबी हिरडीवर ओळीने बसवलेले, कडेला पिवळे पडलेले जुने दात. आणि त्यांच्या पोटात, म्हणजे टाळूला चिकटतो त्या खोलगट भागात आणि डबीच्या तळाशी, पांढऱ्या गोळ्यांचा गिच्च लगदा — काही अख्ख्या, काही अर्ध्या, काही लाळेत विरघळून पुन्हा वाळलेल्या, एकमेकींना बिलगलेल्या, आणि सगळ्यांवर मालकी सांगत आडवा पडलेला एक पांढरा केस. डबीतला वास काटेसाहेबांच्या नाकात शिरला आणि तिथेच मुक्कामाला राहिला : शिळी लाळ, ओला खडू, किंचित गोडसर काहीतरी. त्यांनी मान फिरवली. मग पुन्हा पाहिलं. दात हसतच होते.

खरं तर ही डबी उघडायची नव्हतीच. मदतनीस बाईंचा सकाळी फोन आला होता — "काका, पोरीला ताप आहे, आज यायला जमायचं नाही. काकूंची कवळी तेवढी घासून द्या हं. डबी बाथरूममध्ये फळीवर आहे." फळीवर डब्या दोन होत्या, पुढे निळी, मागे पांढरी. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षकी केलेल्या माणसाचा हात आपोआप मागे जातो. दुकानात समोर मांडलेलं वजन नेहमी खरंच असतं. खोटं मागे असतं. बाजारपेठेने त्यांना काटेसाहेब हे नाव दिलं ते तराजूवरून, की ते जातील तिथे टोचतात यावरून, याबद्दल दुकानदारांत दोन मतं होती. साहेब येताना दिसले की शटर अर्धं ओढावं, याबद्दल एकच.

मागच्या डबीत बायकोची जुनी कवळी होती. आणि हे.

किळस त्यांना नवी नव्हती. उंदीर मेलेली गोदामं, माशा पोहत असलेले तेलाचे डबे, पारड्याखाली बोटाने चेपून बसवलेलं मेण — ते मेण त्यांनी स्वतःच्या नखाने खरवडून काढलेलं होतं, आणि त्याच हाताने डबा उघडून जेवले होते. पण कवळीचं निराळं. बावीस वर्षांपूर्वी बायकोचे दात गेले तेव्हा ती चार दिवस तोंडाला रुमाल लावून वावरली, आणि कवळी आल्यावर तिने एकच सांगितलं : "मी आत असताना दार वाजवायचं नाही." त्यांनी नाही वाजवलं. रात्री ती दार लावून कवळी काढी, दिवा घालवून मगच खोलीत येई, सकाळी त्यांच्या आधी उठे. बावीस वर्षांत त्यांनी तिचं बोळकं पाहिलेलं नव्हतं. लोक याला प्रेम म्हणतील — म्हणोत. काटेसाहेबांना ठाऊक होतं की त्यांना ते बघायचंच नव्हतं. अर्धा संसार हा एकमेकांच्या किळसवाण्या गोष्टींवर वेळेवर घातलेलं झाकण असतो, आणि त्यांचं झाकण घट्ट बसणारं होतं.

त्यांनी नळ सोडला, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मग — सवय जाते कुठे — गोळ्या वर्तमानपत्रावर ओतून मोजायला बसले. तेरा अर्ध्या. एकेचाळीस अख्ख्या.

तेरा. म्हणजे पहिल्या पंधरवड्यातली एकच पोटात गेली होती, तीही बहुधा नजरचुकीने.

दोन महिन्यांपूर्वी... नको. पण आठवण थांबते थोडीच. दोन महिन्यांपूर्वी बायकोचं विसरणं विसरण्यापुरतं राहिलं नव्हतं. दुपार कलली की ती उठे, खोली ते दार, दार ते खोली, आणि जिन्यात जाऊन शेजाऱ्यांना सांगे, "हा मेला मला विष घालतो. माझा नवरा आला की बघा याच्याकडे." नवरा मागे चपला घेऊन उभा. शेजारी दाराच्या फटीतून बघत, आणि त्या बघण्यात, फार नाही, एक शतांश, पण असे, की कोण जाणे बुवा, खरंही असेल. लेक दूरच्या शहरातून फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हाला झेपत नसेल तर इथे एक चांगली संस्था आहे, मी बघून आले." झेपत नसेल! ज्या माणसाने अख्खी धान्यबाजारपेठ झेपवली त्याला एक बायको झेपत नसेल! मग डॉक्टरीणबाईंनी ही पांढरी, शांत ठेवणारी गोळी लिहून दिली. आधी अर्धी, संध्याकाळी.

आणि काटेसाहेबांनी ती दिली. हातात टॉर्च घेऊन दिली. "आ कर. जीभ वर. डावा गाल. उजवा." ती मुकाट आ करी, निरीक्षकाची वेळ माहीत असलेल्या दुकानासारखी. टॉर्चचा उजेड दातांवर पडून परत येई, आणि ते वहीत लिहीत : ५.०० — दिली. गिळली. तपासली. मग ती बाथरूममध्ये जाई, दार लावी... बावीस वर्षांची सवय. नवऱ्याचं नाव गेलं, लेकीचं गेलं, घराचा पत्ता गेला, पण आत जाऊन दार लावून कवळी काढायची, हे हाताने विसरलं नाही. टाळूची गोळी डबीत, कवळी पुन्हा तोंडात, काटेसाहेब बाहेर वहीत सही करताहेत.

गोळी लागू पडेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलंही होतं, "गोळी पोटात जाते ना, आजोबा?" त्यांना दोन्हींचा राग आला होता, प्रश्नाचा आणि आजोबा म्हटल्याचा. "डॉक्टर," ते म्हणाले होते, "मी चौतीस वर्षं लोकांचं माप तपासलंय. माझ्या हातून गोळी चुकत नाही." मग अर्धीची एक झाली. एकीच्या दोन झाल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. डबीतल्या दातांनाच काय ती शांतता मिळत होती.

आणि मग पंधरा दिवसांपूर्वी, टॉर्चचा कंटाळा येऊन नव्हे, संशय येऊन तर मुळीच नव्हे, तर निव्वळ वेळ वाचावा म्हणून, मदतनीस बाई म्हणाल्या, "किती वेळ आ करायला लावता काका त्यांना! दोन चमच्यांमध्ये चेपायची, केळ्यात कालवायची, झालं. पोरांना देतात तशी." त्यांनी चेपली. पांढरी चेपली, रक्तदाबाची गुलाबी, जी ती पूर्वीपासून मुकाट गिळत असे, तीही चेपली, एकाच केळ्यात दोन्ही. त्या दिवसापासून ती शांत झाली. वहीत ओळीने पंधरा वेळा लिहिलं होतं : शांत.

हनुवटी छातीवर. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार, गाऊनच्या गळ्यापर्यंत. चालताना पाय उचलत नव्हती, जमिनीवरून ओढत होती, जणू फरशीला डिंक लावलाय. गुरुवारी उठता उठता तोल जाऊन पडली. कंबरेला ताटलीएवढा काळानिळा डाग. त्यांनी मलम लावलं आणि मनाशी म्हटलं, वय झालं... आणि नंतर पंखा लावून दीड तास झोपले. दुपारी! किती महिन्यांनी! वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून होत होतं, शब्दकोडी सुटत होती. लेकीला त्यांनी सांगितलं होतं, "बघ. जमतं माणसाला."

वर्तमानपत्रावरच्या गोळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. आता हिशोब अगदी बालवर्गातला होता. शून्यावर अर्धी वाढवली, अर्धीवर एक, एकीवर दोन, आणि ही सगळी वाढ, जी कधी कोणाच्या पोटात गेलीच नव्हती, ती पंधरा दिवसांपूर्वी मी एका सकाळी भुगा करून एकदम... केळ्यातून... चमच्याने. "मेला मला विष घालतो." म्हणजे घरात शहाणं माणूस एकच होतं, आणि आम्ही त्याच्यावर औषधोपचार करत होतो.

त्यांनी गोळ्या पुन्हा डबीत भरल्या, झाकण लावलं.

बाहेर टेबलावर सकाळची वाटी तयार होती. केळं काळं पडायला लागलं होतं, मध्ये गुलाबी-पांढरा भुगा ओलसर होऊन चकाकत होता, आणि खुर्चीत बायको. चमच्याचा आवाज झाला असावा, कारण तिने डोळे न उघडताच तोंड उघडलं. पिल्लाने उघडावं तसं. कवळी अजून आत बसवायची होती. पहिल्यांदाच त्यांना ती काळी, ओली, गुळगुळीत पोकळी दिसली, हिरड्यांची कड, कोपऱ्यात कालचा शेवाळी थर. इतकी वर्षं जे बघायचं टाळलं ते हे; आणि त्यात भीती वाटण्यासारखं काही नव्हतं, लहान मुलाच्या तोंडात असतं तेवढंच. किळस आली ती निराळ्याची. त्या उघडण्याची. जी बाई मला सहा आठवडे माझ्या नाकावर टिच्चून फसवत होती, ती आता तोंड उघडून बसली आहे. विश्वासाने नव्हे, विश्वास ठेवायला तरी माणूस जागं लागतं...

त्यांनी वाटी बेसिनमध्ये रिकामी केली. दुसरं केळं सोललं, नुसतं, आणि भरवलं. गोळी नाही दिली. बरोबर की चूक, ठाऊक नव्हतं. साडेअकराला डॉक्टरीणबाईंची वेळ ठरलेली होती, महिन्याची.

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, कशी आहे आई?"

"शांत आहे."

"किती बरं वाटतं ऐकून! खरं सांगू, मी त्या संस्थेत नाव घालणारच होते. आता नको ना?"

"नको."

"तुम्ही ग्रेट आहात बाबा. चला, मीटिंग आहे."

ग्रेट माणसाने फोन ठेवला आणि हातांचा वास घेतला. साबणाखालून तोच वास येत होता.

दवाखान्याच्या बाकावर पाऊण तास बसावं लागलं. समोर एक बाई आपल्या म्हाताऱ्या सासऱ्यांना कानात ओरडून सांगत होती, "बाबा, गप्प बसा ना जरा!" आणि काटेसाहेबांच्या बायकोकडे बघून, कौतुकाने, "या काकू बघा किती छान बसल्यात." छान. काटेसाहेबांनी तिच्या हनुवटीवरची लाळ रुमालाने टिपली. कोटाच्या खिशात पांढरी डबी होती. खिसा जड नव्हता, पण वाकडा लोंबत होता.

आता टाकून देता येईल. कोपऱ्यात कचऱ्याची बादली आहे, पायाने झाकण उघडतं. कोणाला कळणार? डॉक्टरीणबाई खूश, लेक खूश, शेजारी खूश, जिना शांत. तोंड उघडणारी तर काही बोलतच नाही. आणि सांगितलं तर? तर गोळ्या कमी होतील, ही पुन्हा जिन्यात उभी राहील, मेला म्हणेल, लेक संस्थेत नाव घालेल, आणि बाजारपेठ... बाजारपेठेचा काय संबंध? बाजारपेठ मेली. तरीही त्यांना कोपऱ्यावरचा तो किराणावाला आठवला, पारड्याखाली मेण लावणारा, मऊ हातांचा. मेण खरवडल्यावर तो घाबरला नव्हता. समजूत घातल्यासारखा म्हणाला होता, "साहेब, आमचं गिऱ्हाईक हसत येतं, हसत जातं. कोणाची तक्रार नाही. मग तुम्हालाच कशाला त्रास?" त्या वेळी त्यांनी त्याच्या तोंडावर पंचनामा लिहिला होता, आणि घरी येऊन बायकोला सांगितलं होतं, मेणाची नाही, त्या माणसाची किळस आली. बायको भांडी घासता घासता म्हणाली होती... काय म्हणाली होती? आठवेना. काहीतरी खोचक असणार.

नाव पुकारलं गेलं.

"अरे वा, आज्जी!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरुण होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. "किती शांत झाल्यात! मागच्या वेळी माझा पेपरवेट भिरकावला होता. झोप?"

"उत्तम."

"चिडचिड, फेऱ्या?"

"नाही."

"मस्त. मग हेच चालू ठेवू या ना, आजोबा?" पेन कागदावर टेकलंसुद्धा.

हो म्हणायला अर्धा सेकंद पुरतो. काटेसाहेबांनी तो अर्धा सेकंद नीट पाहिला, आतून बाहेरून, आणि त्यांना त्यात मऊ हातांचा एक माणूस बसलेला दिसला.

"डॉक्टर, माझ्या तपासणीत चूक झाली," ते म्हणाले आणि डबी टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं, झटकन मान मागे घेतली. "ह्या... ह्या पांढऱ्याच?"

"तेरा अर्ध्या, एकेचाळीस अख्ख्या. कवळीखाली धरून ठेवत होती."

"अहो, पण मी विचारलं होतं तुम्हाला!"

"मी जीभ बघत होतो. कवळी काढून पाहिली नाही."

"का?"

तिला आवडत नसे, असं उत्तर तयार होतं. सभ्य होतं, अर्धं खरंही होतं. अर्ध्या खऱ्या वजनावर शिक्का मारायचा नसतो.

"मला किळस येते," काटेसाहेब म्हणाले. शेजारच्या खुर्चीत बायको मान खाली घालून होती. त्यांनी हे तिच्यासमोर म्हटलं होतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या सगळ्या भांडणांत न म्हटलेलं, बाहेरच्या माणसाला.

डॉक्टरीणबाईंनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "आणि आता? आता कशा देता?"

"भुगा करून, केळ्यात. पंधरा दिवस झाले. आज दिली नाही."

"गुलाबी पण भुगा?"

"दोन्ही."

"अहो आजोबा! ती दिवसभर हळूहळू सुटायची गोळी आहे. भुगा केला की सगळी एकदम अंगात. पाकिटावर लिहिलेलं असतं, चावू नये, फोडू नये."

पाकिटावर लिहिलेलं असतं. काटेसाहेबांनी बिस्किटांच्या पुड्यांवरचं, तेलाच्या पिशव्यांवरचं, खडूच्या खोक्यांवरचंसुद्धा बारीक अक्षर भिंग लावून वाचलं होतं, एक ओळ कमी म्हणून खटले भरले होते. घरातलं पाकीट मात्र मुकाट्याने कात्रीने कापत होते, ओळीच्या मधोमध.

"पडल्या होत्या का?"

"गुरुवारी."

"आणि कळवलं नाहीत मला?"

"...शांत होती ना."

ते ऐकून डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नाही, कागदाकडे पाहिलं. मागच्या तीन तारखांकडे, तीन वेळा स्वतःच्या अक्षरात वाढवलेल्या आकड्यांकडे. "मीही वाढवतच गेले," त्या हळू म्हणाल्या. मग उठल्या, बायकोचं मनगट धरून वाकवलं, सोडलं, पुन्हा वाकवलं. हात अडखळत, दाते पडलेल्या चाकासारखा हलत होता. रक्तदाब मोजला, कमी होता. कंबरेवरचा डाग बघितला, दाबून, दुखतंय का विचारत. उत्तर आलं नाही, पण चेहरा आक्रसला.

"हे कडक होणं, ही लाळ, हे पाय ओढणं — यातलं बरंचसं गोळीचं आहे."

"म्हणजे आजार वाढलेला नाही?"

"आजार आहेच. पण ही जी झोपलेली बाई आहे ना, तिला आजाराने नाही झोपवलेलं."

कोणी झोपवलं हे त्यांनी सांगितलं नाही. शिकलेली माणसं असतात सभ्य. कमरेचा फोटो काढून आणायला सांगितला, सकाळची पांढरी बंद, संध्याकाळी फक्त अर्धी, पाण्याबरोबर गिळायची, भुगा नाही. आधी कवळी काढायची, नंतर पुन्हा बघायचं. गुलाबी दोन दिवस थांबवायची. दोन दिवसांनी फोन. झोप वाढली, पुन्हा तोल गेला, तर त्याच क्षणी. "आणि तुमच्या मनाने काही एकदम बंद करायचं नाही, काही कुटायचं नाही. आधी मला विचारायचं."

"हळूहळू ती परत..." काटेसाहेब अडखळले. "परत तशी होईल?"

"होतील थोड्या. ओरडतील, फेऱ्या मारतील. त्याला दुसरे उपाय बघू, गोळीशिवायचे. मदत लागेल तुम्हाला, एकट्याने नाही व्हायचं."

"पण होईल? नक्की?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हा माणूस घाबरून विचारतोय की आशेने, हे त्यांना ओळखता येत नव्हतं. काटेसाहेबांनाही येत नव्हतं. त्यांनी फक्त प्रश्न ऐकला, दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघाल्यासारखा.

फोटोत हाड शाबूत निघालं. घरी आल्यावर त्यांनी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, कवळी घासली — बोटांनी, ब्रशने, आतून, बाहेरून. किळस होती तिथेच होती, तिला तिथेच उभी ठेवून घासली — आणि तिच्या तोंडात बसवली. तिने ओठ मिटले. ऊन फरशीवर सरकत होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कोणीतरी दुसरं, अधिकार नसताना, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं.

लेकीला फोन करायचा होता. वाक्य जुळत नव्हतं. आई शांत नाही, म्हणावं? पण ती तर समोर शांत बसली आहे. आई शांत नव्हतीच, म्हणावं? मग काय होती? आणि संस्था... संस्थेतले लोक कवळी काढून बघतात का? विचारायला हवं. मी तरी कुठे बघत होतो.

गप्प बसवेना म्हणून ते बोलायला गेले, आणि तोंड उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गेले पंधरा दिवस आपण सारखे बोलतच होतो. सबंध घरभर. शब्दकोडं सोडवता सोडवता, भाजी निवडता निवडता, मोठ्याने, रेटून, मध्ये कोणी तोडणार नाही या खात्रीने. जुन्या वरिष्ठांच्या गोष्टी, बदल्या, कोणाला कसं वठणीवर आणलं. आणि तिच्या वारलेल्या भावाबद्दल तर, शेहेचाळीस वर्षं जिभेवर येऊन परत फिरलेलं सगळं : लबाड होता, उसन्या कपड्यांत मिरवायचा, आपल्या लग्नात त्याने केलेलं भाषण कसं पाठ केलेलं होतं... समोर हनुवटी छातीवर टेकवून ती. कसली मजा येत होती! असं बोलायला मिळालं नव्हतं कधी. संसारात बोलणं म्हणजे अर्धं वाक्य. उरलेल्या अर्ध्यावर ती बसलेली असायची.

तिने ऐकलं असेल का? त्या गोळ्यांच्या खाली कुठेतरी, तळाशी, पाठ वळवून... सगळं ऐकत असेल का, आणि वर यायला जागा नव्हती एवढंच? दोन दिवसांनी फोन करा, म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई; दोन दिवस लागतील, किंवा आठ. आठ दिवसांनी ही मान वर करील. मेला म्हणेल, ते चालेल, त्याची सवय आहे. पण जर, एखाद्या क्षणापुरती का होईना, माणूस ओळखून मान वर केली तर?

पाठीतून बारीक गार काहीतरी गेलं. जुन्या ओळखीचं होतं. ऑफिसातून उशीर झाला की जिना चढताना वाटायचं तसलं. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. खुर्ची जरा पुढे ओढली, जरा मागे घेतली.

"तुझा भाऊ," काटेसाहेब म्हणाले, आणि थांबले, शब्द निवडत. "तसा... वाईट नव्हता गं."

ती हलली नाही. ओठाच्या कोपऱ्यात तार जमा होत होती. त्यांनी रुमाल शोधला नाही, बोटानेच टिपली. मग पुढचं बोलताना त्यांनी आवाज खाली आणला, ऐकणारं माणूस घरात असताना आणतात तेवढा.

"ते भाषणसुद्धा..." ते म्हणाले.